ठोसाताईचे दोन डोळे

भाचीला खरंच चष्मा लागला आहे की फळ्यावरचं उतरवून घ्यायचा ती नुसता कंटाळा करते आहे, याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायला म्हणून ठोसाताई तिला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. दादा आणि वहिनी दोघंही कामावर होते आणि ताईच्या संघाला त्या दिवशी सुट्टी होती. जेमतेम तासाभराचं काम आहे, असं सांगून वहिनीने तिला पाठवलं होतं.

ठोसाताई हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती तेहतीस वर्षांची होती आणि त्यातली पंधरा वर्षं तिने फुटबॉलच्या गोलात उभं राहून पोट भरलं होतं. चार क्लब झाले, दोन्ही गुडघे शिवून झाले, डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी झाली. बाजूने उंच हवेतून येणारा चेंडू इतर गोलकीपर दोन्ही हातांत अलगद झेलतात. ही मात्र गर्दीत उडी घ्यायची आणि मुठीने तो लांब ठोसून द्यायची. पहिल्या क्लबातल्या मुलींनी तिला ठोसा म्हणायला सुरुवात केली. वय वाढलं तशी त्याला ताई चिकटली. आता तर पंचसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारत. झेलत का नाहीस, असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, झेलायचं कशाला, तिकडे घालवला की कटकट मिटली.

दवाखान्यात भाचीने सुरुवात चांगली केली. अक्षरं वाचली, यंत्रावर हनुवटी टेकवून आत पाहिलं, न रडता थेंब घालून घेतले. मग डॉक्टरीणबाईंनी एक जाडजूड काळसर चष्मा पुढे केला तेव्हा मात्र तिने मान फिरवली. आधी आत्याने घालायचा, मग आपण, असा तिने निकाल दिला.

त्या चष्म्यातून एक पुस्तक बघायचं होतं. पानभर एका माशीचं चित्र होतं. ताईने चष्मा चढवला, माशी पाहिली, छान आहे म्हणाली आणि चष्मा भाचीच्या नाकावर ठेवला. भाचीने पानाकडे पाहिलं आणि ती खुर्चीत एकदम मागे सरकली. डॉक्टरीणबाईंनी तिला माशीचे पंख चिमटीत धरायला सांगितले. तिने दबकत दबकत हात पुढे नेला आणि पानाच्या चार बोटं वर, हवेतच, चिमूट मिटली.

ताईला वाटलं, पोरगी नाटक करते आहे.

"अगं, पानावर आहे ना ती," ती म्हणाली.

"नाही आत्या, वर आलीये."

डॉक्टरीणबाई भाचीकडे बघत नव्हत्या, ताईकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा पुन्हा तिच्या हातात दिला आणि तुम्हीही पंख धरा म्हणाल्या. ताईचं बोट कागदावर टेकलं. मग वर्तुळं दाखवली, यातलं कुठलं पुढे आलंय? सगळी सारखीच. मग पेनचं टोपण हातात देऊन, एकही डोळा न मिटता, समोर धरलेल्या पेनाला ते वरून लावायला सांगितलं. ताईने ते पेनाच्या पलीकडे हवेत लावलं. दुसऱ्यांदा अलीकडे. भाची खुदकन हसली.

भाचीला अगदी हलक्या नंबरचा चष्मा निघाला. तो प्रश्न दोन मिनिटांत संपला. उरलेला वेळ आत्यावर गेला.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, पण एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागल्या की सोडणाऱ्या नव्हेत. त्यांनी ताईला समजावलं ते असं. तुमचे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले तर उत्तम आहेत. पण ते मिळून काम करत नाहीत. कधी हा बघतो, कधी तो, आणि मेंदू एका वेळी एकाचंच ऐकतो. त्यामुळे वस्तू पुढे आहे की मागे, हे इतरांना जसं नुसत्या नजरेला जाणवतं, तसं तुम्हाला जाणवत नाही. जग तुम्हाला चित्रासारखं दिसतं. चित्रातही लांबचं लहान आणि जवळचं मोठं असतं, एकाच्या आड दुसरं जातं, सावली पडते, त्यावरून तुम्ही अंदाज बांधता. लहानपणापासूनचं असल्यामुळे तुम्हाला वेगळं काही आहे याची कल्पनाच नाही.

मग त्यांनी विचारलं, काम काय करता. ताईने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"मग तुम्ही चेंडू अडवता कसा?"

 पंधरा वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, आणि तिनेही स्वतःला विचारला नव्हता.

पुढचा आठवडाभर तिने भेटेल त्याला भंडावून सोडलं. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला विचारलं, समोरचा दांडा तुम्हाला बाहेर आल्यासारखा दिसतो का. बाईने पिशवी जवळ ओढून घेतली. क्लबच्या फिजिओला विचारलं, तर त्याने तिच्या डोक्याला कधी मार बसला होता का याचीच चौकशी सुरू केली. जेवणाच्या टेबलावर मुलींना तिने पेनच्या टोपणाचा खेळ खेळायला लावला. सगळ्यांना तो पहिल्या फटक्यात जमला, आणि यात खेळ तो काय, हे कोणालाच कळेना.

क्लबात दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हायची. त्यात उजवा डोळा झाकून वाचा, डावा डोळा झाकून वाचा, एवढंच असायचं. पंधरा वर्षं दोन्ही डोळे आळीपाळीने पास होत आले. दोघांना एकत्र बसवून कोणी काही विचारलंच नव्हतं.

मग ती आईकडे गेली. आई शिवणकाम करायची. त्या वेळी ती कोणाच्या तरी पडद्यांना काठ मारत मशीनवर बसली होती. ताईने माशीची गोष्ट सांगितली. आईने मशीनवरचा पाय थांबवला, टाचणी तोंडातून काढली आणि पडद्यात खोचली. मग म्हणाली, तू चार वर्षांची असताना तुझा डोळा नाकाकडे वळायचा. ऑपरेशन केलं. डोळा सरळ झाला. डॉक्टर म्हणाले, आता दिसायला छान झाली. आम्हाला वाटलं, संपलं.

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"गल्लीतली पोरं तुला नावं ठेवायची," आई म्हणाली. "डोळा सरळ झाला आणि ती विसरली. तूही विसरलीस. मग मी कशाला आठवण करून देऊ?"

ताई रागावली नाही. रागवावं असं तिला क्षणभर वाटलं खरं, पण त्याआधीच तिच्या मनात दुसऱ्याच गोष्टींची रांग लागली होती. सुईत दोरा ओवायला आईने किती शिकवलं आणि ते जमलं नाही म्हणून किती बोलणी खाल्ली. भांड्यात पाणी ओतताना ते हमखास बाहेर सांडायचं. वेंधळी म्हणून घरात तिचं नाव पक्कं झालं होतं. आणि अशा वेंधळ्या मुलीला दादाने भिंतीपुढे उभं करून गोल राखायला लावलं, कारण त्याला चेंडू मारायला समोर कोणीतरी हवं होतं. पहिले काही महिने सगळे चेंडू अंगावरच बसले. मग तिच्या लक्षात आलं की दादा डावीकडे मारणार असला की त्याची जीभ बाहेर येते. उजवीकडे मारायचा असला की खांदा आधी पडतो. ते कळल्यावर दादाला गोल करणं अवघड झालं आणि तो ही पोरगी लबाड आहे असं सगळ्यांना सांगत सुटला.

हे तिने मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणजे क्लबातले गोलकीपरांचे प्रशिक्षक, साठी उलटलेले, स्वतः एके काळी गोलात उभे राहिलेले. बोलणं कमी, पण कोडं दिसलं की डोळे चमकायचे. घाबरतील, क्लबच्या डॉक्टरकडे धाव घेतील, असं ताईला वाटलं होतं. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, बघूया तरी.

क्लबात दुसरी गोलकीपर होती एकवीस वर्षांची. तिला सगळे धाकटी म्हणत. मास्तरांनी दोघींना शेजारी बसवून पडद्यावर वीस पेनल्ट्या दाखवल्या. पाय चेंडूला लागायच्या आधीच चित्र थांबवायचं आणि चेंडू कुठे जाणार ते कागदावर लिहायचं. धाकटीचे अकरा बरोबर आले. ताईचे अठरा. मास्तरांनी आणखी वीस दाखवल्या, आणि या वेळी चेंडूच कागदाच्या चिठ्ठीने झाकून टाकला. ताईचे पुन्हा अठरा.

मग ते तिघं मैदानावर गेले आणि मास्तरांनी चेंडू फेकणारं यंत्र बाहेर काढलं. हे यंत्र म्हणजे ताईचा जुना वैरी. दोन चाकांच्या मधून ते चेंडू सोडायचं, आणि सराव करायची वेळ आली की ताई काही ना काही खुसपट काढायची. कधी चाकं घासतात, कधी चेंडूत हवा कमी आहे. मास्तरांनी तीस चेंडू धाकटीला सोडले, तीस ताईला. धाकटीने एकवीस अडवले. ताईने नऊ.

मास्तर यंत्रापाशी वाकून उभे राहिले. "याला खांदा नाही," ते म्हणाले.

"जीभही नाही," ताई म्हणाली.

तिथेच ते उलगडलं. ती चेंडू बघून उडी मारत नव्हती, मारणारीला बघून मारत होती. टेकलेला पाय कुठे वळला आहे, कंबर किती उघडली आहे, नजर कुणीकडे गेली. चेंडू सुटेपर्यंत ती अर्ध्या वाटेवर पोचलेली असायची. आणि उंच येणाऱ्या चेंडूला असा खांदा नसतो. तो गर्दीवरून तरंगत येतो आणि तो नेमका कधी हातात येईल हे तिला कधीच कळलं नव्हतं. तिथे पंजा उघडण्यापेक्षा मूठ बरी, हे तिचं तिने कधीतरी ठरवून टाकलं होतं. झेल सुटू शकतो, ठोशाला मात्र वीतभर इकडेतिकडे चालतं.

लपवायचं नाही, हे दोघांनी त्याच दिवशी ठरवलं. क्लबच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, नियम चाळले आणि त्यात याबद्दल काहीच नाही म्हणून खांदे उडवले. मुख्य प्रशिक्षक बाई व्यवहारी होत्या. त्यांनी मागच्या तीन हंगामांतले ताईचे आकडे काढले, ते चांगले होते. त्या म्हणाल्या, तुला कसंही दिसत असलं तरी मला गोल कमी बसतायत, खेळत राहा.

इथे थांबता आलं असतं. पण ताईला राहवेना. डॉक्टरीणबाईंकडे ती पुन्हा गेली आणि विचारलं, मला ते दिसू शकेल का, जे भाचीला दिसलं. डॉक्टरीणबाईंनी आशा लावली नाही. या वयात क्वचित होतं, त्या म्हणाल्या, झालं तरी थोडं. पण व्यायाम करायचे तर करा. त्यांनी एक लांब दोरा दिला. त्यात लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन मणी ओवलेले होते. एक टोक दाराच्या कडीला बांधायचं, दुसरं नाकाशी धरायचं आणि एकेका मण्याकडे बघायचं. दोन्ही डोळे एकाच मण्यावर आले तर दोन दोरे फुलीसारखे एकमेकांना छेदताना दिसतील. ताईला एकच दोरा दिसत होता, कधी डावीकडून येणारा, कधी उजवीकडून.

ती रोज सकाळी वीस मिनिटं दाराशी उभी राहायची. दूरच्या सामन्यांना जाताना बॅगेत ग्लोव्हजबरोबर दोरा असायचा. तिच्या खोलीत राहणारी धाकटी पहिल्यांदा हसली, मग दोऱ्याचं दुसरं टोक धरायला लागली. तीन महिने काही झालं नाही. चौथ्या महिन्यात एकदा फुली दिसली, पापणी लवायच्या आत मोडली. मग थोडी टिकली. मग एखादं मिनिटभर.

सातव्या महिन्यात, सरावानंतर, ती कपडे बदलायच्या खोलीत बेसिनपाशी ग्लोव्हज धूत होती. नळ बंद करायला मान वर केली आणि हात अडखळला. नळ भिंतीतून बाहेर आला होता. रोजचाच नळ, पण तो तिच्याकडे आला होता. त्याच्या आणि भिंतीवरच्या फरशीच्या मधली हवा दिसत होती. तिने डोकं डावीकडे केलं, उजवीकडे केलं. मग बोट त्या हवेत घातलं. मागे मुली आपापले बूट सोडत बसल्या होत्या. ही नळाभोवती बोट फिरवते आहे आणि रडते आहे की हसते आहे ते कळत नाही, हे बघून कॅप्टनने टॉवेल पुढे केला.

ते आलं आणि गेलं. दुसऱ्या दिवशी दरवाजाची कडी आली. मग झाडाच्या फांद्या, एकीमागे एक, मध्ये मोकळी जागा ठेवून. वाळत घातलेले कपडे. आईच्या चेहऱ्यावरचं नाक. आईला तिने ते सांगितलं तेव्हा आई म्हणाली, तीस वर्षांनी तुला माझं नाक दिसलं, आता काय काय दिसणार आहे कोणास ठाऊक. पण ती उठून पलीकडच्या खोलीत गेली आणि थोड्या वेळाने डोळे पुसून आली.

सगळ्यांत नवल वाटलं ते जाळीचं. गोलाची जाळी आयुष्यभर तिच्या पाठीशी होती. ती तिला खांबांमध्ये ताणलेल्या चौकटींच्या कागदासारखी वाटायची. एका सकाळी ती सरावाला लवकर आली आणि मैदानाच्या मधून तिने गोलाकडे पाहिलं, तर ती एक खोली होती. मागे गेलेली, दोरांनी विणलेली, आतून रिकामी. ती चालत गेली आणि आत जाऊन उभी राहिली. मास्तर आले तरी ती तिथेच होती.  त्यांनी यंत्र बाहेर काढलं आणि चेंडू सोडायला सुरुवात केली. तीसपैकी तिने सोळा अडवले, आणि सुटलेले चौदाही तिने मोठ्या आवडीने पाहिले.

घोटाळा तिथेच होता.

पुढच्या शनिवारी सामना होता. पहिल्याच दहा मिनिटांत कॉर्नरवरून उंच चेंडू आला, ताई उडाली आणि तिने तो दोन्ही हातांत झेलला. तिच्याच संघातल्या मुली ठोशाच्या हिशेबाने बाहेर पळत सुटल्या होत्या, त्या वळून बघायला लागल्या. प्रेक्षकांत कोणीतरी शिट्टी वाजवली. पण त्यानंतर समोरची आघाडीची खेळाडू एकटीच चालून आली. ताईला तिचा खांदा दिसला, कंबर दिसली. आणि मग चेंडू सुटला आणि तो इतका गोल, इतका भरीव होऊन येत होता की तिची नजर त्याच्यावरच खिळली. पाय हलले तेव्हा तो जाळीत होता. असे तीन गोल बसले. पुढच्या सामन्यात आणखी तीन.

मास्तरांनी चित्रण बघितलं. आधी ती चेंडू सुटायच्या आत निघायची, आता सुटल्यावर निघते आहे. फरक डोळ्याचं पातं लवेल एवढाच, पण गोलात तेवढ्यातच सगळं होतं. ते म्हणाले, दोन्ही शिकता येईल, पण वेळ लागेल. कदाचित वर्ष. हंगामाचे सहा सामने उरले होते आणि संघ तळातून तिसरा होता. शेवटचे दोन संघ खालच्या विभागात जाणार होते.

ताई डॉक्टरीणबाईंना विचारून आली. व्यायाम थांबवले तर? त्या म्हणाल्या, मेंदू जुन्या सवयीला परत जाईल बहुधा. पुन्हा सुरू केल्यावर पुन्हा येईल का, ते मी सांगू शकत नाही. तुमच्यासारखं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही.

दोन दिवस ती हेच तोलत राहिली. पंधरा वर्षांत तिने आपली जागा कधी सोडली नव्हती. गुडघ्याची हाडं कडकडत असतानाही नाही. तिच्या पहिल्या क्लबात गोलकीपरांना धड खोलीसुद्धा नव्हती, साफसफाईच्या सामानाच्या कोठीत बादल्यांमध्ये बसून ती कपडे बदलायची. ती जागा तिने मिळवली होती. आणि दुसरीकडे एक नळ होता, जाळी होती, आईचं नाक होतं. दोरा बॅगेत होता. दोन दिवस तिने तो बाहेर काढला नाही. तिसऱ्या सकाळी तिने तो दाराच्या कडीला बांधला, वीस मिनिटं पूर्ण केली आणि मुख्य प्रशिक्षक बाईंच्या खोलीत गेली. शनिवारी धाकटीला खेळवा, असं तिने सांगितलं.

"दुखापत आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मला दिसायला लागलंय."

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग संघाच्या यादीवरचं एक नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं. म्हणाल्या, धाकटीला तयार करायची जबाबदारी तुझी.

ती जबाबदारी वाटली त्याहून अवघड निघाली. जे ताईला न बोलता कळत होतं, ते आता शब्दांत सांगायचं होतं. धाकटीने विचारलं, कंबर उघडते म्हणजे काय होतं. ताईने सांगून पाहिलं, दाखवून पाहिलं, स्वतः चेंडू मारून पाहिला. शेवटी तिने धाकटीला बसथांब्याजवळ नेलं आणि येणाजाणाऱ्या माणसांकडे बोट केलं. हा आता वळणार. ही थांबणार. तो छत्रीवाला रस्ता ओलांडणार नाही, नुसता तसं दाखवतोय. धाकटी पहिल्या दिवशी चुकली, तिसऱ्या दिवशी वादच घालायला लागली, आणि एका आजीबाईंबद्दल तर तीच बरोबर निघाली. आपल्याला आपलंच काम पहिल्यांदा दिसतं आहे, असं ताईला वाटलं.

धाकटीने सहा सामने खेळले. दोन हरले, एक जिंकला, तीन बरोबरीत सुटले. शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती. एक-शून्य अशी आघाडी असताना दुसऱ्या संघाला पेनल्टी मिळाली. ताई राखीव खेळाडूंच्या बाकावर मास्तरांशेजारी बसली होती. मारणारी मागे सरकली, धावली, आणि तिचा पाय टेकला तसं ताई आणि मास्तर दोघंही बसल्या जागी उजवीकडे कलंडले. मैदानावर धाकटीनेही उजवीकडेच झेप घेतली. चेंडू तिच्या बोटांना चाटून, खांबाला लागून आत गेला. एक-एक. तसाच सामना संपला आणि संघ वरच्या विभागात टिकला.

मुली एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. धाकटी त्यातून वाट काढत बाकापाशी आली, गुडघे चिखलाने भरलेले. 

"बरोबर गेले होते ना?" तिने विचारलं.

"बरोबर गेली होतीस," ताई म्हणाली. "अर्धं पाऊल लवकर निघ."

ताई आणखी एक हंगाम खेळली, बराचसा बाकावर. ती नऊ सामन्यांत गोलात उभी राहिली. पूर्वीपेक्षा थोडे जास्त गोल बसले, हे खरं. दोन्ही रीती एकमेकींशी जुळवून घेत होत्या आणि त्यांची कधी कधी मैदानातच भांडणं व्हायची. नंतर मास्तर निवृत्त झाले आणि त्यांची जागा तिला मिळाली. तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे क्लबच्या तपासणीत माशीचं पुस्तक घालायला लावलं.

त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंनी तिच्यावर एक टिपण लिहून डॉक्टरांच्या इंग्रजी मासिकात छापलं. त्यात तिचं नाव नव्हतं, नुसतं ‘वय तेहतीस, स्त्री, व्यवसाय गोलरक्षक’ असं होतं. ताईने ते शब्दकोश घेऊन, अडत अडत, शेवटपर्यंत वाचलं. एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि मासिक घेऊन दवाखान्यात गेली. रुग्ण चेंडूकडे मुळीच पाहत नसे, असं त्या ओळीत होतं. ताई म्हणाली, हे चुकीचं आहे. पाहत होते, मारणारीच्या खांद्यात, कंबरेत. पण कसं, ते इथे खुर्चीत बसून सांगता येणार नाही.

दवाखान्यामागे गाड्या लावायची जागा होती. दुपारची वेळ, एकही गाडी नव्हती. ताईने बॅगेतून चेंडू काढला, दोन कुंड्या सरकवून गोल केला आणि मध्ये उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी पांढरा कोट काढून खिडकीच्या गजाला अडकवला, चपला बाजूला ठेवल्या आणि चेंडूपाशी येऊन थांबल्या.

"कुठे मारणार ते आधी सांगायचं का?" त्यांनी विचारलं.

"नको," ताई म्हणाली आणि किंचित वाकली.